वरच्या दाढेची नस आणि माझा डोळा

एक्स-रे उजेडाला धरून डॉक्टरबाई म्हणाल्या, "वरच्या दाढेची कीड नसेपर्यंत गेलीय, ताई. रूट कॅनॉल करू. नस काढून टाकावी लागेल."

नस म्हणल्याबरोबर मी गपकन तोंड मिटलं. केजहून बीडला निघताना आत्याबाईंनी, म्हंजे माझ्या सासूनं, बजावलं होतं, "वरच्या दाढंला हात लावू देऊ नको. तिची नस डोळ्याला जाती. नस गेली की डोळा गेला!" मी केजात ब्लाउज शिवते. डोळा गेल्यावर काय शिवू, कपाळ?

मी खुर्चीतून उतरलेच. "गोळ्या द्या, मी जाते." बाईंनी कारण विचारलं. मी सांगितलं. त्या हसल्या न्हाईत, म्हणून थांबले, न्हाईतर तडक बीडचं स्टँड गाठलं असतं.

त्यांनी चित्र दाखवलं. "ही नस दाताच्या आतली. डोळ्याची नस वेगळी, दोघींचा काही संबंध नाही." मी परत खुर्चीत बसले.

रूट कॅनॉल म्हंजे दाढ ठेवायची, आतली सडलेली नस तेवढी काढायची. मग मुळातल्या बारीक नळ्या साफ करून भरायच्या. आधी हिरडीत इंजेक्शन देतात. ते टोचतं, खोटं कशाला बोलू? पुढं गाल बधिर होतो, नुसती मशीनची घरघर ऐकू येते.

मी मात्र एकेक डोळा झाकून वरचा दिवा बघत होते. बाई म्हणाल्या, "दुखतंय का?" मी हातानंच न्हाई म्हणलं. दिसत होतं, लख्ख दिसत होतं! इतकं बरं वाटलं की डोळ्यांतून पाणीच आलं.

बधिरपणा जाईस्तोवर जेवू नका, गाल चावला जातो. दोन-चार दिवस दाढ ठणकते, घाबरू नका. वरून टोपी, म्हंजे कॅप, बसेस्तोवर भाकरी दुसऱ्या बाजूनं चावा. मी घाई करून त्याच दाढंनं चावली अन् बाईंची बोलणी खाल्ली.

त्या दिवशी घरी आल्यावर आत्याबाईंनी दारातच अडवलं. बोटं नाचवली, "किती हायेत?" मग कॅलेंडर वाचायला लावलं. सगळं बरोबर आल्यावर खाली बसल्या अन् स्वतःचा गाल धरला. "माझी बी वरचीच हाय गं. लई वर्सं झाली."

रोज भाकरी दुधात कुस्करून खायच्या. मी त्याला आवड समजत होते.

आज त्या आत खुर्चीत हायेत, मी बाहेर बाकावर. मशीन थांबलं की त्यांचा बोबडा आवाज येतो, "डॉक्टर, अजून दिसतंय बरं का मला!"