आईच्या आवाजातले आमचे शब्द

आई गप्प असली की घरात कुणीतरी आजारी आहे असं आम्ही समजायचो, इतकी ती बोलायची. भांडुपच्या टेकडीवरच्या आमच्या खोलीत दिवसभर तिची मालवणी चालू असे आणि बाबा फक्त 'हं' म्हणत.

गेल्या मे महिन्यात तिला जुलाब लागले. खाणंपिणं सुटलं, पण ब्लडप्रेशरची गोळी मात्र तिने नेमाने घेतली. सकाळी चहा ठेवायला उठली आणि ओट्यापाशीच कोसळली.

हॉस्पिटलात पाहिलं तर बीपी फार खाली गेलेलं. सलाईन लावल्यावर ते वर आलं, संध्याकाळी तिने डोळे उघडले. मी विचारलं, "आई, मला ओळखलंस?"

"मला ओळखलंस?" ती म्हणाली.

"अगं, तुला नाही ओळखणार?" मी रडता रडता हसले.

"तुला नाही ओळखणार?" ती म्हणाली. तेव्हा मात्र मी डॉक्टरांना बोलवायला धावले.

डॉक्टरांनी समजावलं. मानेतली रक्तवाहिनी आधीच अरुंद झालेली. त्यात रक्तदाब खाली गेला आणि मेंदूतल्या मोठ्या रक्तवाहिन्यांच्या हद्दीवरच्या भागाला रक्त पुरलंच नाही. टेकडीवरच्या माणसांना हे वेगळं सांगायला नको. नळाचा जोर कमी झाला की शेवटची घरं कोरडी राहतात. ऐकलेलं परत म्हणणं तिला जमत होतं, स्वतःचं बोलणं गेलं होतं.

घरी आणली. आपणहून एक शब्द नाही. मग बाबाच बोलायला लागले.

"भूक लागली काय गो?"

"भूक लागली काय गो?"

दिवसभर असंच. "बाबा, दमाल ना," मी एकदा म्हटलं. "तिला कळतंय की नाही, कुणास ठाऊक."

"तिचो आवाज तरी ऐकाक गावता," ते म्हणाले.

दिवाळीच्या आधी तिला न्यूमोनिया झाला. त्या दुपारी तिचा हात धरून बाबा म्हणाले, "मी खंय जातंय? हयच आसंय."

तिने त्यांच्याकडे पाहिलं. ओठ हलले. "मी खंय जातंय? हयच आसंय."

संध्याकाळपर्यंत ती गेली.

त्यानंतर बाबा मालवणी बोललेले नाहीत. मी मुद्दाम मालवणीत काही विचारलं, तरी ते शाळेतल्या मराठीत उत्तर देतात आणि तोंड फिरवतात.