तीन रिळं, एक घोटा

डिसेंबर १९९८, शनिवार. भोर, कबड्डीचं मैदान. हजर: मुली बारा, क्रीडाशिक्षक सर, आणि मुलींबरोबर एक बाई असावी लागते म्हणून शाळेची लिपिक, म्हणजे मी. गैरहजर कोणी नाही. सामान: पाण्याचे दोन कॅन, गूळ-शेंगदाणे, कात्री, गॉज, कापडी चिकटपट्टीची तीन रिळं.

ही नोंद माझ्या वहीत आहे. रिळं तीन का, तेही लिहिलं आहे. उपांत्य सामन्याला एक, अंतिमला एक, एक जास्तीचं. तिन्ही एकाच पायासाठी.

तो पाय आमच्या मुख्य चढाईपटूचा. मुलगी दहावीतली. उजवा घोटा वर्षात दोनदा मुरगळलेला. तिची वाडी तोरण्याच्या अंगाला, वर. शाळेत यायला तासभर उतार आणि परत जायला तेवढाच चढ, तोही चालत. दुसऱ्यांदा मुरगळला तेव्हा तीन आठवडे तिला खाली उतरता आलं नव्हतं. मार्चमध्ये बोर्डाची परीक्षा होती. वडील संमतीपत्रावर सही करायला आले, तेव्हा खुर्ची पुढे केली तरी बसले नाहीत. म्हणाले, "बाई, पायावर चाललीय, पायावर आली पायजे. आता मुरगळला तर शाळा सुटली म्हनून समजा."

मी शब्द दिला.

सर पुण्याच्या शिबिरात पट्टी बांधायला शिकून आले होते, पण मुलींच्या पायांना हात लावायला संकोचत. म्हणून एका दुपारी त्यांनी कार्यालयात पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, पाय बाकावर ठेवला आणि मला शिकवलं. मी टप्पे लिहून घेतले. पाय धुऊन कोरडा करायचा, तेलाचा थेंब नको. पाऊल नडगीशी काटकोनात. आधी गॉज, मग घोट्याच्या वर आडवे वेढे. त्या वेढ्यांपासून पट्टी पायाच्या आतल्या बाजूने खाली आणायची, टाचेखालून घ्यायची आणि बाहेरच्या बाजूने ओढून वर चिकटवायची, अशा तीन. पाऊल आत वळतं तेव्हा बाहेरची बाजू ताणली जाते, तिला हा आधार. मग टाच दोन्हीकडून बांधून घ्यायची. शेवटी अंगठ्याचं नख दाबून सोडायचं. गुलाबी रंग लगेच परत आला नाही तर पट्टी फार आवळली आहे, सगळी काढून पुन्हा बांधायची. एका घोट्याला जवळजवळ एक रीळ लागतं.

काढताना सरांच्या पायाचे केस पट्टीबरोबर आले. दारात उभे असलेले शिपाई मामा म्हणाले, "सर, मेंढरू कातरायचं व्हतं तर आमच्याकडं कात्री हाय की." सर हसले नाहीत.

भोरला पोचल्यावर पहिलं काम म्हणून तो घोटा बांधला. नख तपासलं. मग मी टेबलाशी खेळाडूंची यादी आणि जन्मतारखा जुळवत बसले. तेवढ्यात पंचांनी मुलींना सांगितलं, दागिने काढा, निघत नसतील तर पट्टीने झाका. आदल्याच आठवड्यात एका मुलीच्या बहिणीचं लग्न झालं होतं. सात जणींच्या हातांत हिरव्या काचेच्या बांगड्या होत्या, घट्ट भरलेल्या. लग्नाच्या बांगड्या खेळासाठी वाढवल्या म्हणून घरी कोण सांगणार? शिवाय नाकातल्या चमक्या होत्याच. कप्तान मुलगी माझ्याकडे आली आणि बांगड्यांना चिकटपट्टी घेऊ का म्हणून विचारलं. मी यादीतून मान वर न काढता म्हटलं, घ्या.

उपांत्य सामना जिंकलो. मातीने आणि घामाने तिची पट्टी सैल झाली होती, ती मी कापून काढली आणि नवीन रिळासाठी पिशवीत हात घातला. हाताला एक रिकामी पुठ्ठ्याची गुंडाळी लागली आणि एक जेमतेम चार वेढ्यांचं रीळ. बाकीची कुठे गेली म्हणून विचारलं, तर सात जणींनी हात वर केले. मनगटापासून कोपराकडे निम्म्यापर्यंत पांढरे.

सर बाजारात जाऊन आले. मिळाली ती बोटभर रुंदीची कागदी पट्टी. समोरच्या संघाच्या बाईंनी आपली क्रेप पट्टी देऊ केली. ती ताणली जाते, घोटा धरत नाही. मी सरांना सांगितलं, हिला बसवा.

ती तिथेच होती. "बाई, म्या खेळती. हाय तेवढीच बांधा."

"तुझ्या वडिलांना मी शब्द दिलाय," मी म्हटलं.

"म्हंजी आबांनीच सांगितलं व्हय, बसवा म्हनून?"

मी कात्री पिशवीत ठेवत होते. नाही म्हटलं नाही.

चार गुणांनी हरलो. परतीच्या एसटीत ती मागच्या बाकावर एकटी बसली. सोमवारी वेळेवर शाळेत आली, चालत. हजेरीपटावर मी मुद्दाम पाहिलं.

जानेवारीत आबा बोनाफाईड न्यायला आले. कागद घेऊन झाला तरी घुटमळले. "पोरगी महिनाभर माझ्याशी बोलंना. म्या काय केलं, बाई?" परीक्षेचं दडपण असेल, असं मी म्हटलं आणि शिक्का मारला.

ती दहावी पास झाली. आता विंझरला तिचं आणि नवऱ्याचं किराणा दुकान आहे. मी तिथे उतरते तेव्हा चहापावडर घेते. आबा कधी दुकानात बसलेले असतात. ती त्यांच्याकडे बोट करून सांगते, माझी फायनल ह्यांनी घालवली. ते हसून मान हलवतात. बहुतेक त्यांनाही आता तसंच वाटतं.

पुढच्या वर्षापासून घोट्याची रिळं वेगळ्या डब्यात ठेवली, बांगड्यांसाठी निराळी. त्या दिवसाच्या पानावर खाली कामांची यादी आहे. कॅन परत दिले, खूण केलेली. गणवेश धुऊन घेतले, खूण. डबे वेगळे केले, खूण. शेवटची ओळ: 'मुलीला सांगणे, पट्टी मी वाटून टाकली, बसवलंही मीच, आबांनी नाही.' तिच्यापुढे खूण नाही.