गढूळ बाटली आणि आमचे भावोजी

लघवी या विषयावर आमच्या भावोजींइतकं जीव तोडून बोलणारा माणूस त्या काळी अख्ख्या ठाणे जिल्ह्यात नव्हता, आणि जेवणाच्या पंगतीत बसून बोलणारा तर जगात नसेल. भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. पालघरला त्यांचा दवाखाना होता. तिथल्या शाळेत मास्तर म्हणून लागल्यावर मी बरीच वर्षं त्यांच्याकडेच राहिलो. एकदा केळव्याला लग्नाच्या पंगतीत त्यांनी समोरच्या वरमामांना, पानात जिलबी पडत असताना, "रात्री कितीदा उठावं लागतं?" असं खणखणीत आवाजात विचारलं होतं. मामा बिचारे घास हातात धरून बसले. ताईनं पुढे वर्षभर कुठल्याही लग्नाला त्यांना शेजारी बसवून घेतलं नाही.

दवाखान्याच्या पूर्वेकडच्या खिडकीत बाटल्या मांडलेल्या असत. सकाळचं ऊन आलं की भावोजी एकेक बाटली उचलून उजेडात धरत, हलवत, हुंगत आणि मान डोलवत. घरी आमटीची वाटीही ते आधी तशीच उजेडात धरून बघत, त्यावरून ताई चिडे. लोक लघवी आणत ती लाजत, पदराआड, हाताला येईल त्या बाटलीत. तेलाची, काकवीची, कधी ताडीची. ताडीच्या बाटलीतून आलेली लघवी फसफसताना पाहून त्यांच्या कंपाउंडरनं एकदा हात जोडले होते. मग भावोजींनी स्वतःच्या खर्चानं उकळलेल्या बाटल्या वाटायला सुरुवात केली. त्यातली एक महिन्यानं परत आली ती करवंदांचं लोणचं भरून. ते त्यांनी आवडीनं खाल्लं, आम्ही कुणी हात लावला नाही.

पण त्यांचा खरा ध्यास निराळाच होता. आजार नेमका कशाला म्हणायचा, हा. धडधाकट माणसाला लघवीत इन्फेक्शन झालं तर जळजळ होते, सारखं जावंसं वाटतं. पण कण्याला मार बसून ज्याचं कमरेखालचं अंग लुळं पडलंय, ज्याला लघवी साठल्याचंही कळत नाही आणि नळीवाचून जो मोकळा होऊ शकत नाही, त्याला जळजळ कळणार कशी? मग उरतो तपासणीचा कागद, आणि त्यावर भावोजींचा भरवसा नव्हता. "नळी घातलेल्या माणसाच्या लघवीत जंतू असायचेच," भावोजी भाजी चिरणाऱ्या ताईला सांगत, "कोळीवाड्यात जाऊन मासळीचा वास येतो म्हणून ओरडशील का तू?" ताप, हुडहुडी, लुळ्या पायांना एकाएकी येणारे झटके, डोक्यावर दरदरून घाम, माणूस नेहमीपेक्षा मलूल दिसणं, हे बघा, असं त्यांचं म्हणणं. ताई म्हणे, "बघते. आधी कोथिंबीर निवडून द्या."

तारापूरच्या कोळीवाड्यातला धाकू हा त्यांचा असाच एक पेशंट. डोलकाठीवरून होडीत पडला आणि कायमचा खाटेला खिळला. त्याच्या मुलीचं, मंजुळाचं, लग्न ठरलं होतं. हळद तोंडावर आली असताना धाकूची बायको पालघरला आली, तिच्या हातात कागद होता. तारापूरकडे मोठं बांधकाम सुरू झाल्यापासून बोईसरला एक तरुण डॉक्टर बसू लागले होते, भला माणूस. लघवी गढूळ दिसली म्हणून त्यांनी ती तपासून घेतली. कागदावर पू आणि जंतूच जंतू. उद्याच मुंबईच्या इस्पितळात न्या, इंजेक्शनं द्यावी लागतील, असं त्यांनी सांगितलं होतं.

भावोजी मला घेऊन तडक तारापूरला गेले. धाकूचं अंग गार होतं, पाय शांत होते.

"तुला आजारी वाटतंय का?" त्यांनी विचारलं.

"वाटत नाय. पण कागद सांगतो ना, हाय म्हणून."

"कागदाला ताप आलाय का?"

धाकू हसला नाही. "न्यायचा तर न्या, डॉक्टर. पण पोरीची हलद होऊन जाऊ द्या."

"कुठे जायचं नाही," भावोजी म्हणाले, "मी येऊन बसतो लग्नात." परतीच्या एसटीत, बोईसर गेल्यावर, ते मला म्हणाले, "चुकलो तर हा माणूस जाईल रे. बरोबर ठरलो तर कुणाला कळणारसुद्धा नाही." त्यांना घाबरलेलं मी तेव्हा प्रथम पाहिलं आणि मला त्यांच्याविषयी फार माया वाटली.

लग्नात धाकूची खाट मांडवातच ठेवली होती आणि भावोजी उशाशी थर्मामीटर घेऊन बसले होते. धवलारीण लग्नाचं गाणं म्हणायला लागली की हे त्याच्या तोंडात थर्मामीटर घालत, त्यामुळे बिचाऱ्याला लेकीच्या लग्नात धड गाताही येईना. आणि ऐन वेळी धाकूचे पाय उडायला लागले. खाट हलू लागली, कपाळावर घाम. "धाकू नाचतो बगा," कुणीतरी म्हणालं आणि मांडव हसला. भावोजी मात्र पांढरेफटक पडले. त्यांनी भर मांडवात धाकूची चादर उचलली, नळी चाचपत खाटेच्या कडेपर्यंत गेले आणि तिथे विसावलेल्या नवऱ्या मुलाच्या भारदस्त आत्याला हात जोडून म्हणाले, "बाई, उठा. तुम्ही यांच्या नळीवर बसला आहात." आत्या उठल्या, तुंबलेली लघवी वाहू लागली, पाय निवले. मंजुळाला हळदीच्या हातानं आशीर्वाद देताना धाकू इतका रडला, की थर्मामीटर बाजूला ठेवून भावोजीही रडले.

पुढे दोन पावसाळ्यांनी धाकूला खरोखरच ताप भरला. या वेळी भावोजींनी स्वतःच त्याला मुंबईला धाडलं. तो परत आला नाही. कितीतरी दिवस खिडकीतल्या बाटल्या तशाच पडून होत्या आणि भावोजी जेवताना कुणाशी काही बोलत नव्हते. मग एके दुपारी मंजुळा सुके बोंबील घेऊन आली. "डॉक्टर, माज्या लग्नात बाबा होता," ती म्हणाली. "तुमी होता म्हणून होता." एवढंच बोलून ती गेली.

मग भावोजी मला म्हणाले, "काय रे, तो खूश होता ना त्या दिवशी?" मी हो म्हटलं. हाच प्रश्न त्यांनी मला पुढे म्हातारपणीही पुष्कळदा विचारला, आणि मी दर वेळी हो म्हणत राहिलो.