गुरुवारच्या दोन बादल्या

नगरकर सरांनी मला फसवलं. ते माझे एम.ई.चे गाईड. भोसरीच्या एका प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून भाग बनवणाऱ्या कारखान्यात, सात दिवस राबून मी गोळा केलेला डेटा त्यांनी अथर्व नावाच्या आपल्या लाडक्या विद्यार्थ्याच्या हातात दिला आणि दोघांनी मिळून त्यावर पेपर छापला. माझं नाव कुठंच नाही. आभारातसुद्धा नाही. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे नंतर कुणी ‘गैरसमज झाला असेल’ म्हणायला नको.

आणि वर चोर ठरलो मी. कॉलेजच्या कॉन्फरन्स रूममध्ये टेबलापलीकडे विभागप्रमुख मॅडम आणि नगरकर सर, अलीकडे मी आणि अथर्व. मॅडमपुढे माझा थिसिस. चौथं प्रकरण जवळजवळ सगळं लाल. कॉपी पकडणाऱ्या सॉफ्टवेअरनं रंगवलेलं.

“पाटोळे, तुमचे सगळे ग्राफ अथर्वच्या पेपरमध्ये आधीच आलेत,” मॅडम म्हणाल्या. “हे तुमचं काम असेल तर आज सिद्ध करा. नाहीतर मला थिसिस रद्द करावा लागेल. मुदतवाढ तुम्ही आधीच दोनदा घेतलीये.”

दोनदा नाही, तीनदा. पण मी दुरुस्ती केली नाही.

मी भोसरीत इलेक्ट्रिकल पॅनेल बनवतो. लातूरकडून आलो तेव्हा आयटीआय वायरमन होतो. डिप्लोमा नोकरी करत केला, डिग्री धंदा करत केली. एम.ई.चं खूळ एका कन्सल्टंटमुळे डोक्यात शिरलं. क्लायंटसमोर तो माझ्या ड्रॉइंगवर पेन आपटत म्हणाला, “वायरमनला पॉवर सिस्टिम काय कळणार?” मी त्याची कॉलर धरणार होतो. क्लायंट मध्ये पडला. दुसऱ्या दिवशी जाऊन मी पार्टटाइम एम.ई.चा फॉर्म भरला. वर्गातली पोरं मला काका म्हणायची. म्हणोत.

माझा विषय सोपा करून सांगतो. मोटर दोन प्रकारची वीज घेते. एक काम करायला, दुसरी आपलं चुंबक जागं ठेवायला. ही दुसरी वीज मोटर घेते आणि परत करते, घेते आणि परत करते. तारांमधून नुसती ये-जा. ही ये-जा कंपनीच्या आतच मिटावी म्हणून पॅनेलमध्ये कपॅसिटर बसवतात. मोटरी चालू असतात तोवर कपॅसिटर गुणी. पण सुट्टीच्या दिवशी मोटरी बंद झाल्या आणि कपॅसिटर बंद करायचं कुणाला सुचलंच नाही, तर तो उलटी ये-जा सुरू करतो आणि व्होल्टेज वर चढतं. छोट्या कंपन्यांत सुट्टीच्या दिवशी काय काय बिघडतं, ते मला मोजून दाखवायचं होतं. थिसिसचा जीव त्या एका सुट्टीच्या दिवसात होता.

नगरकर सर म्हणाले होते, तीस दिवसांचा डेटा आणा. मी म्हणालो, पाच. सौदा सातवर तुटला. घासाघीस केल्याशिवाय मला अन्न गोड लागत नाही, हा माझा दोष मला माहीत आहे.

विजेचा प्रत्येक मिनिटाचा हिशेब ठेवणारा अ‍ॅनालायझर मी कॉलेजच्या लॅबमधून नेला. रजिस्टरवर सही गाईडचीच लागते, म्हणून सही नगरकर सरांची. सोमवारी चहाच्या सुट्टीत प्रेस शॉपच्या मेन पॅनेलला त्याचे चिमटे लावले, पुढच्या सोमवारी काढले. सर म्हणाले, “मेलवर एवढी मोठी फाइल नको, पेनड्राइव्हवर द्या.” दिली. पावती मागितली नाही. नट-बोल्टच्या पुडीवरसुद्धा सही घेणारा माणूस मी, पण गुरूकडे पावती कशी मागायची?

“मॅडम,” मी म्हणालो, “मी अथर्वला दोन प्रश्न विचारू?”

“विचारा. पण आवाज खाली ठेवून.”

“अथर्व, अ‍ॅनालायझर कुठल्या दिवशी लावलास?”

“गुरुवारी सकाळी, काका. पेपरमध्ये दिलंय.”

“मशिनी चालू होत्या?”

“हो. फुल लोड. ग्राफमध्ये दिसतंय ना. मग चौथ्या दिवशी, रविवारी, लोड एकदम खाली आलाय.”

मी टेबलावर हात आपटला. आवाज खाली ठेवायचं राहून गेलं.

“भोसरीत गुरुवारी फुल लोड? अरे, गुरुवारी आमच्याकडं चहाची टपरीसुद्धा उघडत नाही!”

बाहेरच्या वाचकांना सांगायला हवं. आमच्या भोसरीच्या औद्योगिक पट्ट्यात साप्ताहिक सुट्टी गुरुवारी. विजेचा भार एकाच दिवशी उतरू नये म्हणून भागाभागाला वार वाटून दिलेले, ते अंगवळणी पडले. रविवारी आमच्या प्रेस धडधडत असतात. पुण्यातल्या पाहुण्यांनी रविवारी लग्न ठेवलं की आमची अर्धी शिफ्ट दांडी मारते. पण हिंजवडीच्या आयटी कंपन्यांच्या बाजूला वाढलेल्या पोराला हे कुठून माहीत? काय झालं असेल ते मला बसल्या जागी दिसलं. माझ्या फाइलमध्ये लोड चौथ्या दिवशी झोपलेला. माझ्या तारखेप्रमाणे तो गुरुवार. अथर्वला वाटलं, काकांनी तारखा चुकवल्या. सुट्टी म्हणजे रविवारच असणार. म्हणून त्यानं सगळा आठवडा तीन दिवस पुढं सरकवला. चोरी केली आणि वर तपासून दुरुस्तही केली. अभ्यासू पोरगा.

अथर्वनं नगरकर सरांकडे पाहिलं. नगरकर सर छताकडे पाहत होते.

“काही कंपन्या गुरुवारीही चालतात, पाटोळे,” ते हळूच म्हणाले.

हे खरं होतं, म्हणूनच माझं डोकं जास्त फिरलं. अर्जंट ऑर्डर असली की चालतात.

“कंपनीचं पत्र आणता येईल?” मॅडमनी विचारलं.

नाही. सकाळीच मी मालकाला फोन केला होता. तो म्हणाला, “भाऊ, आमचा डेटा बाहेर गेलाय हे कस्टमरला कळलं तर माझी ऑर्डर जाईल. मला कुठल्या कागदावर सही मागू नका.” मालकाचा रस्ता बंद. रजिस्टरवर सही सरांची. पेनड्राइव्ह सरांकडे. एक्सेलमधली तारीख काय, कुणीही बदलू शकतो. अथर्वनं बदललीच होती.

एकच गोष्ट उरली होती, आणि ती मला बोलायची नव्हती.

“सुट्टीच्या दिवशी सकाळी नऊनंतर ग्राफमध्ये दोन छोटी टेकाडं आहेत,” मी म्हणालो. “ती कसली, अथर्व?”

“कंट्रोल पॅनेलचा स्टँडबाय लोड. लिहिलंय आम्ही.”

“नीट बघ. तीनपैकी फक्त एका फेजवर आहे. पॉवर फॅक्टर पूर्ण एक, म्हणजे विजेची ये-जा नाहीच. लाट एकदम गुळगुळीत. कंट्रोल पॅनेल असतं तर त्यानं लाटेचे लचके तोडले असते. हा साधा तापणारा लोड आहे.”

मॅडमनी चष्मा लावला, ग्राफ जवळ घेतला. बराच वेळ पाहिला.

“बरोबर आहे. हीटर वाटतोय. पण सुट्टीच्या दिवशी हीटर कोण लावेल? तुम्हीही इथं नुसतं ‘सिंगल फेज रेझिस्टिव्ह लोड’ असं लिहून सोडून दिलंय.”

मुद्दाम सोडलं होतं. तो हीटर वॉचमनचा होता. बबनमामांचा. चाकणजवळच्या गावातला माणूस, जमीन भावकीत गेली, बारा वर्षं त्या गेटवर. मी डेटा घेऊन गेलो आणि विचारलं, “मामा, गुरुवारी नऊला काय चालू करता?” तेव्हा त्यांनी हात जोडले होते. “भाऊ, मालकाला सांगू नगा. कंपनीच्या लाइटीवर पानी तापवतो म्हून काडून टाकतील.” मी शब्द दिला होता.

आता एकीकडे शब्द, दुसरीकडे चार वर्षं. मी मॅडमना म्हणालो, “इथं जे बोलणं होईल ते मालकापर्यंत जाणार नाही, एवढं द्या.” त्यांनी मान हलवली. मी फोन स्पीकरवर टाकला.

“मामा, मी पाटोळे. एक काम होतं. तुमचा तो हीटर—”

“कंचा हीटर?”

“पाण्याचा, मामा.”

“आपल्याकडं हीटर न्हाई. कदीच नव्हता. कोन हाय तिकडं? मालक हायेत का?”

“मालक नाहीत. कॉलेजातली माणसं आहेत.”

“मंग त्यांनाबी सांगा, हीटर न्हाई.”

अथर्वच्या चेहऱ्यावर रंग परत आला. मी धंद्यातलं शेवटचं हत्यार काढलं.

“मामा, मालकाशी बोलून मी तुमच्या केबिनला गीझर बसवून देतो. कायदेशीर. मीटरसकट. पण खरं बोला.”

पलीकडे केबिनचं दार लावल्याचा आवाज आला.

“किती लिटरचा?”

“सहा.”

“सहात काय व्हतंय वो? पंचवीस.”

“पंधरा, मामा.”

“मंग हीटर न्हाई.”

“पंचवीस! बरं, पंचवीस!”

मॅडमनी टेबलावर पेन वाजवलं. “पाटोळे, तुम्ही माझ्यासमोर साक्षीदाराला आमिष दाखवताय. याचा मला काय उपयोग?”

खरं होतं. पंचवीस लिटर गेले आणि साक्षही गेली. मी म्हणालो, “मग तुम्हीच विचारा, मॅडम. मी तोंड उघडणार नाही.” आणि खरंच ओठ मिटून बसलो. माझ्या बायकोचा यावर विश्वास बसलेला नाही.

मॅडम फोनकडे वाकल्या. “मामा, नमस्कार. पाणी कुठल्या वारी तापवता?”

“बेस्तरवारी, ताई. गुरवारी. बाकीचं दिस शिफ्टची मानसं असत्यात, गार पान्यानं उरकतो.”

“किती बादल्या?”

हे मी मामांना कधी विचारलंच नव्हतं. टेकाडांचं आजच्या फोनवर मी बोललोही नव्हतो.

“दोन. पैली आंगुळीची. ती झाली की दुसरी लावायची, धुन्याची. मदी जरा टाइम जातुया, आंगूळ करंस्तवर.”

मॅडमनी ग्राफवर बोट ठेवलं. पहिलं टेकाड. मोकळी जागा. दुसरं टेकाड.

“अंघोळीला किती वेळ लागतो, मामा?”

“म्हाताऱ्या मानसाला किती लागनार? पंधरा-वीस मिंटं. पाट चोळायला कोन न्हाई.”

मॅडमनी मिनिटं मोजली. सतरा. त्यांनी चष्मा काढला. फोनमधून मामा विचारत होते, “ताई, काय गुन्हा झाला का?”

“नाही मामा. एकच सांगा. ते मोजायचं यंत्र कुणी लावलं होतं?”

“ह्यांनीच की. सोमवारी. माजी भाकरबी खाल्ली त्या दिवशी. वर म्हनले, ठेचा कमी हाय.”

“अथर्व नावाचा मुलगा आला होता का कधी?”

“कोन आतर्व?”

थिसिस त्याच दुपारी मंजूर झाला. मॅडमनी माझ्यादेखत लाल पानांवर सही केली. व्हायवात मला शेवटचा प्रश्न बादल्यांवरच आला. मी पास झालो. गीझर बसवला, पंचवीस लिटरचा. मालकानं काय कुरकुर केली ती मी सांगत नाही, पण घासाघिशीत पाइपलाइनचा खर्च त्याच्याकडून काढून घेतला. मामा आता रोज गरम पाण्यानं अंघोळ करतात आणि मला फोन करून सांगतात.

इथं हसून संपवलं असतं. पण परवा तो पेपर मी पुन्हा उघडून पाहिला. त्यांनी तो दुरुस्त केलाय. रविवारच्या जागी गुरुवार. ‘स्टँडबाय लोड’च्या जागी ‘वॉटर हीटर’. कोपऱ्यात टीप: वारांमध्ये टंकलेखनाची चूक राहिली होती. लेखक तेच, अथर्व आणि नगरकर सर. माझ्याच तोंडून ऐकलेलं घालून पेपर आधीपेक्षा चांगला झालाय. आणि आभारात नवी ओळ आलीये: ‘कंपनीच्या सुरक्षा कर्मचाऱ्यांनी दिलेल्या मोलाच्या माहितीबद्दल.’

मामांचे आभार मानले. बरं झालं, त्यांचा हक्कच आहे. मग मी कुठंय?

यातून शिकलो ते एवढंच: गाईडला पेनड्राइव्ह देताना सही घ्यावी, आणि डेटात आपल्या अंघोळीची एक तरी बादली मिसळून ठेवावी.

पण शिकणं माझं झालं, उत्तर त्यांचं राहिलंय. मॅडम, चोरी तुमच्या खोलीत पकडली गेली, तुमच्या बोटाखाली. मग चोरीला टंकलेखनाची चूक कुणी म्हटलं? नगरकर सर, माझं नाव त्या पेपरवर कधी येणार, ते माझ्या तोंडावर सांगा. फोनवर नको, मेलवर नको. भोसरीला माझ्या शॉपवर या. गुरुवारी या. मी मोकळाच असतो.