मामांच्या गाडीचे दिवे

आमच्या मामेसासऱ्यांनी आयुष्यात एकही वस्तू नुसती विकत घेतली नाही; प्रत्येक वस्तूचा त्यांनी आधी अभ्यास केला आणि ती लायक ठरली तरच तिला घरात प्रवेश दिला. मामा पाटबंधारे खात्यात नकाशे काढायला होते. निवृत्त झाल्यावर खातं सुटलं, पण आलेखाचा कागद आणि टोक काढलेली पेन्सिल सुटली नाही. घरात मिक्सर घ्यायचा ठरला तेव्हा ते ओला नारळ आणि भिजवलेले तांदूळ घेऊन दुकानात गेले आणि पाच मिक्सरांवर पाच वेळा वाटण वाटून, चमच्याने चव घेऊन, "विचार करून सांगतो" म्हणून परत आले. गादी घ्यायला गेले ते घरची उशी काखोटीला मारून. तिथे झोपून बघताना त्यांना खरोखरच झोप लागली आणि दुकानदार जेवणाच्या सुट्टीत शटर ओढून घरी निघून गेला. चार वाजता शटर वर गेलं तेव्हा मामा उठून बसले आणि म्हणाले, "कमरेला ठीक आहे, पण मानेशी खळगा पडतो." गादी घेतली नाहीच.

अशा माणसाने गाडीचे दिवे बदलायचं मनावर घेतल्यावर काय झालं असेल, याची कल्पना रत्नागिरीबाहेरच्या माणसाला यायची नाही. आम्ही मात्र ते आठ महिने सोसले आहेत.

मामांची गाडी आठ माणसांची. दोन मुली, एक मुलगा, जावई, सून, नातवंडं, सगळ्यांना एकदम घेऊन फिरता यावं म्हणून घेतलेली. बोळातून वळवताना दोन्हीकडच्या दगडी गडग्यांना विचारून वळवावी लागे, एवढी मोठी. पुढे मुलं मुंबई-पुण्याला पांगली आणि गाडीत मामा-मामी आणि सहा रिकाम्या जागा एवढेच उरले. एकदा पावस गावाहून मुंजीचं जेवण उरकून दोघं परत येत होते. दिवेलागणीची वेळ. रस्त्याकडेला कोणीतरी घर बांधायला काढलं होतं आणि चिऱ्यांची रास रचून ठेवली होती. गाडी तिच्यावर जाऊन आदळली. कोणाला लागलं नाही, पण बंपर दुमडला आणि बरोबर दिलेली डबाभर आमटी मामींच्या नव्या साडीवर सांडली.

"चिरे पुढे आले होते," मामा म्हणाले.

"चिरे आमटी घ्यायला आले असतील," मामी म्हणाल्या, आणि त्याच दिवशी त्यांनी हुकूम काढला की अंधार पडला की गाडीला हात लावायचा नाही. बातमी पुण्याला पोचली. मुलाचा फोन आला, "बाबा, आता एवढी मोठी गाडी कशाला हवी? विकून टाका. दोघांना पुरेल अशी छोटी घेऊ."

मामा त्या रात्री जेवले नाहीत. गाडी विकायची म्हणजे त्यांच्या दृष्टीने घरातली सहा माणसं एकदम कमी करायची. सकाळी उठले ते ठरवूनच. माझ्याकडे येऊन म्हणाले, "जावईबापू, दोष माझ्या नजरेचा नाही. दोष दिव्यांचा आहे. हे मी सिद्ध करून दाखवणार."

मामींच्या हुकुमातून 'प्रयोगापुरती' सूट मिळवून संशोधन सुरू झालं. पहिले पंधरा दिवस मामा संध्याकाळी भाट्याच्या पुलाच्या तोंडाशी प्लास्टिकची खुर्ची टाकून, मांडीवर वही घेऊन बसत आणि येणाऱ्या प्रत्येक गाडीच्या दिव्यांना दहापैकी गुण देत. एसटीवाल्यांना वाटे, म्हातारबुवांना बस हवी आहे. एका गाडीच्या कंडक्टरने दार उघडून विचारलं, "काका, येताय काय?" मामा म्हणाले, "तुमचा डावा दिवा वर बघतोय." कंडक्टरने मुकाट्याने डबल बेल मारली. शेवटी शेवटी अशी आवई उठली की पुलाशी आरटीओचा साहेब बसतो आहे. झालं! लोक लांबूनच दिवे मंद करून, पट्टा लावून, अगदी शहाण्या मुलासारखे येऊ लागले. "सगळी निरीक्षणं दूषित झाली," असं म्हणून मामांनी खुर्ची उचलली.

मग वाचनकसोटी. गावाबाहेरच्या मोकळ्या सड्यावर, जिथे ना घर ना खांबाचा दिवा, तिथे मामा गाडी उभी करणार आणि मी वर्तमानपत्र घेऊन पन्नास पावलांवर, मग शंभर पावलांवर, मग दीडशे पावलांवर उभा राहून मोठ्याने वाचणार. सबंध पानात सारख्या आकाराची अक्षरं फक्त निधनवार्तांची असतात, असा मामांचा निष्कर्ष. त्यामुळे मी त्या अंधारात, वाऱ्यावर फडफडणारा कागद सावरत, कोणकोण निवर्तलं ते ओरडून सांगत होतो. फिरायला आलेले दोन गृहस्थ हळूच येऊन माझ्यामागे उभे राहिले. एकाने टोपी काढली. जरा वेळाने दुसऱ्याने माझ्या दंडाला हात लावून हलक्या आवाजात विचारलं, "तुमच्या जवळचे होते काय हो?" मी काही सांगणार तोच गाडीतून मामांचा आवाज आला, "वय ऐकू आलं नाही! वय पुन्हा वाचा!"

एवढं झाल्यावर बल्ब बदलले. मिस्त्री आमच्याच आळीतला, चाळीस वर्षं गाड्यांखाली काढलेला माणूस. त्याने बल्ब बसवले आणि म्हणाला, "मामा, मला एकदा आत बसून बघू द्या, दिवा नेमका कुठे पडतो तो." पण मामांच्या सीटवर कोणी बसणं शक्यच नव्हतं. ती सीट पुढे-मागे, वर-खाली करून मनासारखी जुळवायला त्यांना तीन महिने लागले होते आणि खालच्या रुळावर त्यांनी खडूने खूण केली होती. मिस्त्रीने हात झटकले. "मग मी काय बल्बाला विचारू, कसं दिसतंय म्हणून?"

नवे बल्ब असे लख्ख होते की बॉनेटसमोरच्या दहा फुटांत मुंगी चालली असती तर तिचे पाय मोजता आले असते. त्यापलीकडे काळोख. मामा गाडी चालवताना स्टिअरिंगवर ओणवे होऊन त्या उजेडाच्या चटईकडे बघत राहत आणि चटईबाहेरून अचानक गाय, सायकलवाला, वळण असं काहीबाही आत येई. मामांनी वहीत लिहिलं : "तीव्रता उत्तम. पल्ला नाही."

पल्ल्यासाठी टपावर चार गोल दिवे आले. ते ज्या संध्याकाळी अंगणात पहिल्यांदा लागले, तेव्हा समोरच्या घरचे कोंबडे आरवले. शेजारच्या काकू दूधवाला आला म्हणून पातेलं घेऊन बाहेर आल्या. मामा धन्य होऊन बघत होते. तिसऱ्या दिवशी नाक्यावर हवालदाराने गाडी अडवली. तो डोळ्यांवर हात धरून आला आणि म्हणाला, "आजोबा, मी तुम्हाला सरळ सांगतो. हे दिवे मासेमारीच्या होडीवरसुद्धा चालायचे नाहीत." दिवे उतरले. मामींनी ते धुवून पुसून कोकमं वाळत घालायला वापरले, कारण खोलगट होते.

मामा खचले नाहीत. आता ते दिव्यांचे अख्खे डबेच बदलणार होते. भिंतीवर उजेड कुठवर पडतो त्याच्या रेघा मारायला ते स्टुलावर चढले, स्टूल कललं आणि मामांचा पाय मुरगळला. नेमका त्याच आठवड्यात देवरूखला मामींच्या भाचीचा साखरपुडा. मामींनी पुन्हा पुण्याला फोन लावला. बोलणं मी ऐकलं नाही, पण मामा पलंगावर पाय उशीवर ठेवून भिंतीकडे बघत होते आणि मला म्हणाले, "दिवाळीत मुलगा येतोय. गिऱ्हाईक घेऊन येतोय." एवढंच. वहीसुद्धा मिटून ठेवली होती.

साखरपुड्याला गाडी मी चालवायची ठरली. मला सीटवर बसू देण्याआधी मामांनी सुतळीने सीटचं अंतर मोजून सुतळीला गाठ मारली आणि ती खिशात ठेवली. जाताना दिवसाउजेडी काही अडचण आली नाही. एवढं मात्र झालं की प्रत्येक वळणाला माझ्याबरोबर मामाही शेजारी बसून ब्रेक मारत होते, आणि तोही दुखऱ्या पायाने. प्रत्येक वळणाला "आई गं!" असा आवाज येई आणि मागून मामी म्हणत, "तुमच्या बाजूला ब्रेक नाही हो."

परत निघायला उशीर झाला. तिन्हीसांजा होऊन गेल्या आणि मी दिवे लावले. समोर तीच ती उजेडाची चटई. मामा इतके दिवस हे असं चालवत होते? त्यांना नावं ठेवल्याबद्दल मला मनातल्या मनात वाईट वाटलं. एका वळणाआधी वेग कमी करून मी कसलं बटण आहे का ते बघायला उजव्या हाताने चाचपडलो. स्टिअरिंगच्या बाजूला, खाली, एक लहानसं दातेरी चाक लागलं. त्यावर आकडे होते. शून्य, एक, दोन, तीन. चाक तीनवर होतं. मी ते सहज शून्यावर आणलं.

रस्ता उठून उभा राहिला. दुसरा शब्द नाही. चटई पुढे सरकत सरकत पार वळणापर्यंत गेली. कडेचा गडगा, त्यामागची आंब्याची कलमं, पाण्याची टाकी, निवाराशेड, त्यात बसलेलं कुत्रं, सगळं एका क्षणात दिसलं.

"अगोबाई," मामी म्हणाल्या.

मी घाईघाईने म्हणालो, "बल्ब तापले की उजेड वाढतो बहुतेक."

"गाडी बाजूला घ्या, जावईबापू."

मी घेतली. मामांनी चाकाकडे बघितलं. "ते तीनवरच हवं," ते सावकाश म्हणाले. "तीन म्हणजे फुल. पंख्यासारखं."

मग त्यांनी समोरचा कप्पा उघडला आणि गाडीबरोबर आलेली पुस्तिका काढली. ती अजून प्लास्टिकच्या पिशवीत होती. जगातल्या यच्चयावत दिव्यांविषयी वाचलेल्या त्या माणसाने तेवढं एक पुस्तक उघडलं नव्हतं. मी फोनचा उजेड धरला. एका पानावर चित्रं होती. शून्याच्या पुढे पुढच्या सीटवर दोन माणसं. तीनच्या पुढे माणसांनी आणि सामानाने गच्च भरलेली गाडी. मागे ओझं झालं की गाडीचं तोंड वर होतं, म्हणून दिवे खाली करायचे. त्यासाठी ते चाक.

मी मामा हसतील किंवा चिडतील म्हणून वाट बघत होतो. मागे मामींनी तर पदर तोंडाला लावलाच होता. मामा बराच वेळ त्या भरलेल्या गाडीच्या चित्राकडे बघत राहिले.

"म्हणजे इतकी वर्षं," ते म्हणाले, "या गाडीला वाटत होतं, मागे सगळे बसलेत."

मामींनी पदर खाली घेतला. मग मामी म्हणाल्या, "मी फोन करते मुलाला. दिवे सापडले म्हणून सांगते. गिऱ्हाईक नको आणूस म्हणावं, पोरांना आण." आणि त्यांनी तिथेच, रस्त्याकडेला, फोन केला.

आम्ही निघालो. वाटेत मामा एवढंच म्हणाले, "मुलं मागे बसून मैलाचे दगड वाचायची. कोण आधी वाचतो म्हणून मारामाऱ्या व्हायच्या." त्यानंतर दगड आला. पांढरास्वच्छ, लांबूनच दिसला.

"रत्नागिरी, अठरा," मागून मामी हळूच म्हणाल्या.

"मोठ्याने वाच," मामा समोर बघत म्हणाले. "पुढे ऐकू येत नाही."

मामी पुढे सरकून बसल्या आणि शहराचे दिवे लागेपर्यंत एकेक दगड मोठ्याने वाचत राहिल्या.