आधी ऊब, मग दूध

माझ्या सासूबाईंनी बत्तीस वर्षं इस्पितळात नवजात बाळांच्या वॉर्डात नर्स म्हणून काढली. निवृत्त झाल्या तेव्हा मला वाटलं, आता बाई जरा निवांत बसतील. कसलं काय! थंडी पडली की त्यांची ड्यूटी सुरू, आणि पेशंट सगळे चार पायांचे.

सकाळी सातला त्या खाली उतरतात. पार्किंगमधल्या प्रत्येक गाडीच्या बॉनेटवर दोन थापा मारतात, कारण उबेसाठी मांजरं आत इंजिनाशी जाऊन बसतात. तिसऱ्या मजल्यावरच्या वकिलांना तर त्यांनी एकदा सगळ्यांदेखत झापलं. "कुत्र्याला स्वेटर घातलात, छान केलंत. पण ओला आहे ना तो! तुम्ही बसाल का ओलं बनियन घालून?" वकील कोर्टात कुणाचं ऐकून घेत नसतील, इथे मुकाट्याने स्वेटर काढायला लागले. कुत्र्याची गोधडी फरशीवर नको, फळीवर हवी. प्यायचं पाणी कोमट हवं. म्हाताऱ्या कुत्र्याला ऊन आल्यावरच फिरवायचं. त्यांचे नियम अख्ख्या इमारतीला पाठ आहेत. मलाही होते, निदान माझा तसा समज होता.

गेल्या महिन्यात एका सकाळी त्या बँकेत गेल्या होत्या आणि घड्याळजी दारात येऊन उभे राहिले. समोरच्या कोपऱ्यावर त्यांचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान आहे. बायको गेल्यापासून एका म्हाताऱ्या कुत्रीवर त्यांचा सगळा जीव. ती पहाटे दुकानात व्यायली होती. एकच पिल्लू झालं, आणि तेही गोधडीवरून घरंगळून गार फरशीवर पडून राहिलं. घड्याळजींनी ते आपल्या लोकरी टोपीत घालून आणलं होतं.

"सिस्टर कुठायत?" त्यांनी टोपी पुढे केली.

"बसा, मी आहे ना," मी म्हटलं. दोन पोरं वाढवलीत मी! पिल्लू हाताला बर्फासारखं लागत होतं, हलत नव्हतं. बिचारं भुकेनं मलूल झालंय, असं मीच ठरवून टाकलं. दूध कोमट केलं, ड्रॉपर शोधला आणि दोन थेंब तोंडात सोडले. दूध ओठांवरून ओघळलं. मी तिसरा थेंब सोडणार, तेवढ्यात दारातून आवाज आला.

"थांब! ठेव ते खाली!"

सासूबाईंनी पिशवी तिथेच टाकली. पिल्लाचं तोंड पुसलं, त्याला पालथं धरलं. "गार अंगाला दूध पचत नाही, गं. गिळता येत नाही, ते सरळ छातीत जातं. आधी ऊब, मग दूध. किती वेळा सांगितलंय?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्यांनी जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, आधी ऊब द्या, मी तासाभरात येतो. सासूबाईंनी स्वेटरची वरची बटणं सोडली, पिल्लू आत छातीशी ठेवलं आणि वरून शाल गुंडाळून खुर्चीत बसल्या. कमी वजनाची बाळं त्यांनी अशीच त्यांच्या आईच्या छातीशी बांधून जगवली होती.

"गरम पाण्याची पिशवी देऊ?" मी घाबरत विचारलं.

"नको. एकदम शेकायचं नाही. घड्याळजी, दर पाच मिनिटांनी मला सांगा, याची कूस बदलायची आहे."

घड्याळजींनी मनगटाकडे पाहिलं. घाईत ते घड्याळ विसरून आले होते. भिंतीकडे पाहावं तर आमचं घड्याळ दोन महिने त्यांच्याच दुकानात पडलेलं! शेवटी मी माझा मोबाइल त्यांच्या हातात दिला.

मी ओट्याशी उभी राहिले. स्वतःचा इतका राग मला कधी आला नव्हता. "आई, माझ्यामुळे याला काही झालं तर?"

"मी बसलेय ना इथे? चहा टाक."

आठव्यांदा कूस बदलताना शालीतून बारीकशी कुईं ऐकू आली. घड्याळजी ताडकन उठले. सासूबाईंनी बोटांच्या मागच्या बाजूने पिल्लाचे पंजे चाचपले, पोट चाचपलं.

"तोंड शोधतंय. आता याला भूक लागली," त्या म्हणाल्या. "चला, याच्या आईकडे नेऊ. डॉक्टरांना तिकडेच यायला सांगते."

मी शाल पुढे केली. त्यांनी ती बाजूला सारली.

"शालीत नाही. बाहेर गारठा आहे. तुझ्या छातीशी घे."

"मी? मघाशी एवढं करून ठेवल्यावर?"

"म्हणूनच. आता तू चुकणार नाहीस."

मी त्याला आत घेतलं, वरून दोन्ही हातांनी धरून ठेवलं आणि रस्ता ओलांडला. माझ्या कातडीला त्याची धडधड लागत होती. दुकानात मी खाली बसून त्याला कुत्रीच्या पोटाशी पालथं ठेवलं. तिने चाटून चाटून त्याला उलथंपालथं केलं. मग त्याने तोंड लावलं. सासूबाईंनी वाकून त्याच्या गळ्याखाली बोट धरलं.

"गिळतंय," त्या म्हणाल्या.

तिथेच, त्या सगळ्या टिकटिकीत बसून, मी हमसून हमसून रडले.