उत्तर न आलेल्याला फोन

सरांचं उत्तर आलं नव्हतं, म्हणून मी फोन लावला. काकूंनी उचलला. "पोरी, तुझे सर गेले... आज पहाटे." समोर लॅपटॉपवर बाकीच्यांची उत्तरं उघडीच होती.

सरांचा दवाखाना रायपुरात, समता कॉलनीत होता. तो बंद केल्यावर ते दर सोमवारी आम्हा खेड्यांतल्या डॉक्टरांना ई-मेलनं एक केस पाठवू लागले. नुसता मजकूर, फोटो नाही; आमच्या आरोग्य केंद्रातलं नेटवर्क कसं रडतं ते त्यांना ठाऊक होतं. बुधवारपर्यंत उत्तर द्यायचं. चुकलं तर चालायचं, पण गप्प बसणाऱ्याला थेट फोन. "काहून गप्प हायेस? चुकायले भेते का?"

एकदा केसमध्ये पहाटे पोट दुखू लागलेला मुलगा होता. मी अपेंडिक्स लिहून मोकळी झाले. त्यावरही फोन आला. "जमिनीवर झोपते का, इचारलं? पापण्या पाह्यल्या?" झोपेत मण्यार साप चावला तर पोट दुखतं, पापण्या जड होतात, पण खूण दिसेलच असं नाही, हे त्या दिवशी डोक्यात पक्कं बसलं. काही महिन्यांनी एक आई पोटदुखीचं सांगत धावत आली, "दीदी, नोनी के पेट पिरावत हे." मी त्या नोनीला, म्हणजे तिच्या लेकीला, वर बघायला सांगितलं... पापण्या उचलेनात. सापाच्या विषावरचं इंजेक्शन लगेच सुरू केलं, आणि श्वास मंदावला तेव्हा हातानं श्वास देणारी अंबू बॅग दाबत तिला रायपूरला नेलं. ती वाचली. आज शाळेत जाते, मला बघून लाजते. सरांचे उपकार मी कुठे फेडू?

तेव्हा आनंदानं त्यांना कळवलं, तर माझ्यावरच डाफरले, "मले एकट्याले काहून सांगून राह्यली? सगळ्यांले लिही." अशी माझी पहिली केस सगळ्यांना ई-मेलनं गेली. पुढे ते आजारी पडले आणि सोमवार माझ्याकडे आला. मग सर विद्यार्थी झाले. सगळ्यात आधी उत्तर त्यांचंच यायचं, वर शेरा, "प्रश्न सोपा काढला बाई तू."

यादीतून त्यांचं नाव मी काढलेलं नाही. बुधवारी सगळ्यांची उत्तरं येतात, एक राहतं. मग नियमाप्रमाणे मी फोन लावते.

"नाही आलं न उत्तर?" काकू म्हणतात. मी त्यांना त्या सोमवारची केस वाचून दाखवते. मग त्या सरांच्याच आवाजात विचारतात, "पेशंट बरा हाय न?"

"हव काकू. बरा आहे."